पिकवणं जाऊबाईंचं, वाळवणं माझं

आमच्या घरात पॅसिफिक महासागराचा विषय निघाला तो केळी कुजतात म्हणून.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी माझ्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मोठ्या बहिणीची ही मुलगी सिस्टर आहे, म्हणजे मठातली, इंजेक्शन देणारी नव्हे. तिच्या मठाने तिला ऑगस्टात एका बेटावरच्या शाळेत पाठवलं होतं. ते बेट माझ्या सुनेने फोनवरच्या नकाशात शोधलं. आधी नुसतंच निळं दिसत होतं. सून बोटांनी मोठं करत गेली, करत गेली, आणि शेवटी त्या निळ्यात एक ठिपका निघाला. मी म्हटलं, "काचेवर काही लागलं असेल, पूस." पुसल्यावरही तो तिथेच राहिला, तेव्हा ते बेट आहे हे आम्ही मान्य केलं.

"मावशी," भाची म्हणाली, "इथली केळी बघवत नाहीत गं. घडच्या घड पडून कुजतात. बोट महिन्यातून एकदा येते. ती येते तेव्हा केळी एक तर कच्ची असतात, नाहीतर संपलेली. मी इथल्या बायांना सांगितलं, आमच्या वसईकडे केळी वाळवतात, महिनोन्‌महिने टिकतात. तर त्या विचारतात, कशी वाळवतात?"

"मग सांग की."

"मला कुठे येतं? मी तयार झाल्यावर खायला यायचे."

हे खरं होतं. खायला ती वेळेवर यायची.

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. तिकडे एक संस्था आहे. हाताचं काही काम येणारी माणसं ती महिनाभरासाठी बेटांवर पाठवते. पगार नाही, पण जायची-यायची आणि राहण्याची सोय त्यांची. वयाची अट नाही. "तू ये ना मावशी. अर्ज कर."

मी हसले, फोन ठेवला, आणि भाजी चिरायला बसले. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की वांग्यांबरोबर दुपारच्या आमटीसाठी ठेवलेला कांदाही मी चिरून टाकलाय. मला जायचं होतं. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की भाचीच्या आग्रहाखातर गेली. एकावन्न वर्षं मी सुकेळी वाळवतेय आणि या एकावन्न वर्षांत "हे मला शिकव" असं मला कोणी म्हटलं नव्हतं. "किती तयार झाली?" एवढंच विचारत आले सगळे.

ज्यांना सुकेळी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राजेळी केळी वाडीतून उतरवायची, पिकवायची, सोलायची, आणि बांबूच्या मांडवावर उन्हात घालायची. संध्याकाळी ती सगळी गोळा करून पानात गुंडाळून ठेवायची, म्हणजे रात्रभर घामेजतात आणि गोडवा सुटतो. सकाळी पुन्हा मांडवावर. असं आठवडाभर. मधासारखा रंग आला की केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सोपटात बांधायची. ऐकायला सोपं आहे. पाव भाजणंसुद्धा ऐकायला सोपंच असतं.

अर्ज इंग्रजीत होता. माझं शिक्षण सातवी, त्यापुढचं सगळं चर्चच्या मासिकावर आणि भेळेच्या कागदावर झालेलं, त्यामुळे तो सुनेने भरला. ती शाळेत शिकवते. प्रश्न विचारताना तिचा आवाज आपोआप वर्गातला होतो.

"कामाचा अनुभव?"

"एकावन्न वर्षं."

"आई, एकावन्न लिहिलं तर त्यांना वाटेल चुकून लिहिलं."

"मग पन्नास लिही."

"नोकरी देणाऱ्याचं नाव?"

"सासूबाई."

"त्या वारल्या ना?"

"म्हणून काम थांबलं का?"

सुनेने तिथे 'स्वतःचा व्यवसाय' असं लिहिलं. सासूबाई ऐकायला नव्हत्या ते बरं झालं.

"तुमच्यातला एखादा दोष सांगा, असं विचारलंय."

"बोलते जास्त."

"ते लिहायला नको. ते त्यांना कळेल."

पुढचा प्रश्न होता, कुठल्या महिन्यात यायला आवडेल. मी क्षणभरही थांबले नाही. जानेवारी. आमच्याकडे दिवाळीनंतर सुकेळ्यांचं काम सुरू होतं, पण खरं ऊन नाताळ झाल्यावरचं. कोरडं, पातळ, वाऱ्याबरोबर येणारं. जानेवारीत घातलेलं केळं कधी फसत नाही. नवरा पसंत करतानासुद्धा माझी एवढी खात्री नव्हती. भाचीलाही फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "हो, जानेवारीच. दुसरा कुठला?" तीही याच मातीतली.

शेवटचा रकाना असा होता की तुमचं काम जवळून पाहिलेल्या एका माणसाचं नाव द्या. आम्ही त्या व्यक्तीशी बोलू.

सुनेने पेन खाली ठेवलं. असा माणूस या पृथ्वीवर एकच होता आणि तो भिंतीपलीकडे राहत होता.

माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे आता नाहीत. घराच्या मधोमध भिंत आहे, चुली वेगळ्या आहेत, पण वाडी एक आणि मांडव एक. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी वाटणी करून दिली होती. पिकवायची खोली थोरलीची, मांडव धाकटीचा. पिकवायची खोली म्हणजे मागच्या बाजूची एक अंधारी कोठडी. तिथे मोठ्या मडक्यांत पेंढा घालून केळ्यांच्या फण्या रचायच्या, वर झाकण, कोपऱ्यात गोवरीची धग. झाकण एकाच हाताने उघडायचं असा नियम. दोन माणसं डोकावायला लागली की ऊब जाते आणि केळी अर्धवट राहतात. म्हणून मी त्या झाकणाला कधी हात लावला नाही. जाऊबाई रोज सकाळी एकदा उघडायच्या, वास घ्यायच्या, आणि कोठडीतूनच सांगायच्या, "उद्या." किंवा "आज." आज म्हटलं की मी सोलायला बसायची. एकावन्न वर्षं हे असं.

मी गेले तेव्हा त्या ओटीवर सुपारी कातरत होत्या.

"जाऊबाई, तुमचं नाव एका कागदावर घालायचंय."

"का? जमीन विकतेस?"

"नाही हो. बेटावर जायचंय मला."

"अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जायला कागद कशाला लागतो? होडीत बसायचं."

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी अडकित्ता चालू ठेवून ऐकलं.

"म्हणजे तू केळी वाळवायला शिकवणार."

"हो."

"आणि पिकवणार कोण?"

"पिकतात की आपोआप," मी म्हटलं.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. अडकित्ता थांबला.

"एकावन्न वर्षं मी त्या कोठडीत आपोआप बसले होते होय?"

मी म्हटलं, तसं नव्हतं म्हणायचं मला. त्या म्हणाल्या, कसं म्हणायचं होतं ते सांग. मी सांडलेली खांडं गोळा करायला लागले.

"मला विचारलं असतं तरी मी आले नसते," त्या शेवटी म्हणाल्या. "मला अर्नाळ्याच्या होडीतसुद्धा उलटी होते. पण विचारायला काय जात होतं?"

"भाची माझी, म्हणून तिने मला—"

"घाल नाव. विचारतील ते खरं सांगीन."

मला भीती तीच होती.

ऑक्टोबर-नोव्हेंबर मी तयारीत घालवले. पासपोर्ट होता, पॅरिशबरोबर पवित्र भूमीला गेले होते तेव्हाचा. डॉक्टरांकडून दाखला आणला. ते म्हणाले, गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. मी म्हटलं, गुडघे सोडून जाता आलं असतं तर फार बरं झालं असतं. संस्थेने सूचनांचा कागद पाठवला, त्यात लिहिलं होतं की केळीची पानं, खुंट, पेंढा, फळं, वाळवलेली फळं यातलं काहीही बेटावर आणू नये, रोग पसरतात. म्हणजे मी सुकेळी शिकवायला जाणार होते आणि एक सुकेळं दाखवायला नेऊ शकत नव्हते. सुनेने माझ्या सुकेळ्यांचे फोटो काढले. फोटोतली सुकेळी ओल्या खारकेसारखी दिसत होती. ते फोटो ठेवून दिले.

दर आठवड्याला सकाळी भाचीशी बोलणं व्हायचं. आपले नऊ म्हणजे तिथली दुपार. नोव्हेंबर लागला तसं तिचं बोलणं नीट ऐकू येईना, कारण मागे पत्र्यावर पाऊस वाजायचा.

"कसला आवाज गं?"

"पाऊस आहे मावशी. अवकाळी."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "आजही?"

"आजही. काय कळत नाही, हवामान बिघडलंय सगळं."

मी म्हटलं, इथेही तसंच आहे, काही भरवसा राहिलेला नाही. सलग चार आठवडे पडणाऱ्या पावसाला आम्ही दोघी अवकाळी म्हणत होतो. एक सातवी शिकलेली आणि एक बीएड.

नोव्हेंबरच्या शेवटी संस्थेच्या बाईंचा फोन ठरला, आधी जाऊबाईंशी आणि मग माझ्याशी. जाऊबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळी साडेआठलाच आमच्याकडे येऊन बसल्या. फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. मी शेजारी बसले. बाई तरुण होत्या, चेहऱ्याने प्रसन्न, मागे भिंतीवर कॅलेंडर. सून मधे बसून इकडचं तिकडे करत होती.

या अर्जदाराचं काम तुम्हाला किती वर्षं माहीत आहे, असं बाईंनी विचारलं.

"लग्न होऊन आली तेव्हापासून," जाऊबाई म्हणाल्या. "आली तेव्हा हिला केळं धड सोलतासुद्धा येत नव्हतं. निम्मा गर सालीला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. महिनाभर नुसत्या साली काढायला बसवली होती हिला."

सुनेने ते इंग्रजीत सांगितलं. जाऊबाईंनी कान देऊन ऐकलं.

"मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, काकी."

"साली सांगितल्यास?"

सुनेने साली सांगितल्या.

काम कसं आहे, बाईंनी विचारलं. जाऊबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"वाळवते चांगलं. हिच्या हातचं केळं काळं पडत नाही. कधी फिरवायचं, कधी उचलायचं, हे हिला बोटाने कळतं, बघावं लागत नाही. बोळिंजच्या बाजूच्या त्या उंच इमारती झाल्या आणि साडेतीनला मांडवावर सावली पडायला लागली, तर हिने एकटीने मांडव हलवून घेतला, आणि एक दिवसाचं ऊन वाया घालवलं नाही. हिच्यासारखी वाळवणारी आता या बाजूला दुसरी नाही."

मी साखरेच्या डब्याकडे बघत बसले. एकावन्न वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. आणि आता एका परक्या बाईला सांगत होत्या, मी मांडीला मांडी लावून बसलेली असताना.

"पण पिकवता येत नाही तिला," त्या तशाच सुरात पुढे म्हणाल्या. "तिने म्हटलं असेल येतं, तर ते खरं नाही. तिने झाकण उघडलेलं नाही कधी. कच्चं वाळवलं तर लाकूड, जास्त पिकलेलं वाळवलं तर चिखल. ती वाळवेल छान, पण काय वाळवेल?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांग. तिने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

तुम्हाला काही विचारायचं आहे का, असं बाईंनी सवयीने विचारलं. त्यांना वाटलं असेल नाही म्हणतील.

"आहे. तिकडे जानेवारीत ऊन कसं असतं?"

बाई बोलायला लागल्या. बऱ्याच बोलल्या. सुनेचा चेहरा हळूहळू वहीत शून्य आलेल्या पोरासारखा झाला.

"आई," ती म्हणाली, "तिथे जानेवारीत पावसाळा असतो. नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत. वादळं येतात. कधी कधी बोटसुद्धा येत नाही. कोरडे दिवस मे ते ऑक्टोबर."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "तू तीन महिने तिथे फोन करतेस. विचारलं नाहीस?"

"पाऊस ऐकू येत होता," मी म्हटलं.

"मग?"

"आम्हाला वाटलं अवकाळी आहे."

जाऊबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुनेने बाईंना आमची चूक समजावली. त्यावर बाईंनी जे सांगितलं ते ऐकून मला टेबलाखाली जावंसं वाटलं. अर्जात जानेवारी वाचून त्यांना वाटलं होतं की या बाईंकडे पावसात केळी वाळवायची काहीतरी युक्ती असणार. तसा अर्ज त्यांच्याकडे कधी आला नव्हता. म्हणून तर तो पुढे गेला होता.

युक्ती नाही हे कळलं. पिकवता येत नाही हेही कळलं. एका फोनमध्ये माझ्याकडे राहिलं ते फक्त ऊन, आणि तेही इथलं.

पण बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, एप्रिलमध्ये आपण पुन्हा बोलू. तोवर यांना पिकवता यायला लागलं आणि या काकींनी तसं सांगितलं, तर जुलैत पाठवू. नाहीतर दुसऱ्या कोणाला बघू. माझ्याशी त्या दोनच मिनिटं बोलल्या. मी जास्त बोलते हे त्यांना कळायची संधीच मिळाली नाही.

फोन बंद झाल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं, "शिकवाल?"

"शिकवण्यासारखं काय आहे त्यात," त्या म्हणाल्या. "पिकतात की आपोआप."

पण डिसेंबरात पुढचे घड उतरवले तेव्हा त्यांनी एका मडक्याकडे बोट दाखवलं. "हे तुझं." कोठडीच्या दारात खुर्ची टाकून त्या बसल्या, हात पदरात गुंडाळून. फण्या उलट्या लावल्या तरी बोलल्या नाहीत. आदल्या दिवशीच्या वासात आणि आजच्या वासात काय फरक आहे ते कळेना म्हणून मी दुपारी पुन्हा झाकण उघडलं, तेव्हाही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "आज." वरून सगळी पिवळीधमक. सोलली तर आत खुंटीसारखी.

"टाकून देऊ?"

"टाकायची कशाला? वाळव. कळू दे."

मी वाळवली. माझं सगळं कसब त्या केळ्यांना लावलं, दिवसातून चारदा फिरवली. आठ दिवसांनी त्यांची लाकडं झाली. तोवर मला मनातून वाटत होतं की खरं काम मांडवावरच होतं. ते वाटणं त्या आठवड्यात गेलं.

दुसऱ्या खेपेला घाबरून उशीर केला. चिखल झाला. कोंबड्यांनी खाल्ला.

"वास कसा येतो सांग," जाऊबाईंनी तिसऱ्या खेपेला पहिल्यांदा तोंड उघडलं.

"गुळासारखा."

"मग गेली. गुळाचा वास यायच्या आदल्या दिवशीचा वास ओळखायचा."

"आदल्या दिवशी कसं कळणार की उद्या गूळ येणार?"

"तेच तर शिकतेस ना?"

नाताळ त्यात गेला. जानेवारी आला, आमचा कोरडा, खरा जानेवारी, आणि मी तो अंधाऱ्या कोठडीत नाक खुपसून काढला. पेंढ्याचा वास, धुराचा वास, कोवळ्या गवतासारखा एक वास, आणि मग एक सकाळ अशी येते की वास जवळजवळ येतच नाही. सगळं थांबल्यासारखं. मला ती सकाळ फेब्रुवारीत पहिल्यांदा कळली. मी दारातल्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "आज?" जाऊबाई उठल्या, आत आल्या, वाकून वास घेतला, आणि परत खुर्चीवर जाऊन बसल्या.

"विचारतेस कशाला? तिकडे कोणाला विचारणार आहेस?"

"आज," मी म्हटलं.

ती खेप बरी निघाली. त्यापुढच्या दोन बऱ्या, एक निम्मी खराब. भाचीने तिथलं केळं फोनसमोर धरलं, तर साल आपल्यापेक्षा जाड निघाली. जाऊबाई म्हणाल्या, एक दिवस जास्त लागेल, किंवा दोन, ते तिथे गेल्यावर नाक सांगेल. एवढ्यावर माझी परीक्षेची तयारी संपली.

एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. जाऊबाई तेच लुगडं नेसून आल्या. कॅलेंडर नवीन होतं, बाई त्याच. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. यांना आता पिकवता येतं का, एवढंच.

जाऊबाईंनी पुन्हा चष्मा काढून पदराने पुसला. ती निम्मी खराब झालेली खेप माझ्या डोळ्यांसमोर आली. त्यांच्याही आली असणार, कारण ती त्यांनीच मोजत कोंबड्यांना घातली होती. सून माझा हात धरून बसली होती, मी तिचा.

"येतं," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्यासारखं नाही. पण तिथल्या केळ्यांना मी कुठे ठाऊक आहे?"

सुनेने यावेळी शब्दन्‌शब्द सांगितला. बाई हसल्या, मग त्यांनी वाकून बराच वेळ काहीतरी लिहिलं. तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्याचं निघेल म्हणाल्या.

"झालं?" जाऊबाईंनी विचारलं. "जुलैत इथे पाऊसच असतो. इथे तुझं काही काम नसतं तेव्हा. जा." आणि त्या उठल्या. "ऊन चढलंय. मांडवावरची फिरवायची राहिलीत तुझी."

मी मागच्या दाराने मांडवाकडे गेले. हंगामातली शेवटची केळी होती ती. थोड्या वेळाने जाऊबाई आल्या, तेच चांगलं लुगडं खोचून, आणि मांडवाच्या पलीकडच्या बाजूने फिरवायला लागल्या. एकावन्न वर्षांत त्या तिथे पहिल्यांदा उभ्या होत्या. केळं कुठल्या बाजूला वळवायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, ओली बाजू खाली जात होती. त्या जेवायला गेल्यावर मी ती ओळ पुन्हा फिरवून घेतली.